सॅक्रामेंटोच्या गोल्डन १ सेंटरला पहिल्यांदा मॅच बघायला जाताय? मग हे वाचून जा

ऑक्टोबर उजाडला की मला फोन यायला लागतात. फोल्सम, रोझव्हिल, एल्क ग्रोव्ह, जिकडे तिकडे आपली नवीन मंडळी राहायला आलेली असतात आणि सगळ्यांना एकदा तरी किंग्जची, म्हणजे सॅक्रामेंटोच्या एनबीए टीमची मॅच बघायची असते (एनबीए म्हणजे अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग), पण प्रश्न तेच, तिकीट कुठलं काढू, गाडी कुठे लावू, आई-बाबा आलेत त्यांना झेपेल का, मुलगा तीन वर्षांचा आहे नेऊ का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगताना काहीतरी राहतंच, म्हणून यावेळी सगळं एकदाच नीट लिहून काढतेय.

आधी ही बिल्डिंग काय आहे ते सांगते, कारण ते माहीत असलं की तिथे जाण्याची मजा वेगळीच येते. गोल्डन १ सेंटर हे किंग्ज टीमच्या मालकीचं नाही. ते सिटी ऑफ सॅक्रामेंटोचं आहे, म्हणजे आपल्याकडे बालगंधर्व रंगमंदिर जसं पुणे महापालिकेचं, तसं हे सॅक्रामेंटो शहराचं. फरक एवढा की रोजचा कारभार टीम बघते. नावातलं गोल्डन १ ही तिथली एक क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्या पतसंस्थेसारखी संस्था आहे, तिने २० वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊन नाव घेतलंय, बिल्डिंग नाही घेतली.

आणि ही शहराची बिल्डिंग सहज उभी राहिलेली नाही. २०१३ मध्ये टीम विकून सिएटलला न्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेव्हाचे मेयर केव्हिन जॉन्सन, जे स्वतः एनबीएमध्ये खेळलेले, त्यांनी गावातली माणसं गोळा केली, नवीन खरेदीदार शोधले, आणि त्या खरेदीदारांच्या गटाचे प्रमुख होते विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा, शिक्षण पुढे एमआयटीत, धंदा सॉफ्टवेअरचा. मे २०१३ मध्ये लीगमधल्या सगळ्या टीमच्या मालकांनी मतदान केलं आणि २२ विरुद्ध ८ अशा मतांनी टीम हलवायला नकार दिला. त्या बदल्यात शहरात नवीन अरेना, म्हणजे बंदिस्त स्टेडियम, व्हायला हवा होता. तेव्हाचे एनबीए कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, डेव्हिड स्टर्न सॅक्रामेंटोच्या बाजूने उभे राहिले म्हणून अरेनाचा पत्ताच त्यांच्या नावाने आहे, ५०० डेव्हिड जे. स्टर्न वॉक. मॅप्समध्ये हाच पत्ता टाका. डाउनटाउनमधला जुना मॉल पाडून तिथे हे बांधलं आणि २०१६ च्या सप्टेंबरअखेर ते उघडलं. खर्च ५५ कोटी डॉलरच्या वर गेला, त्यातले साडेपंचवीस कोटी शहराने घातले, आणि ते कर्ज फेडायला मुख्य आधार धरला शहराच्या पार्किंगच्या उत्पन्नाचा. म्हणजे शहराच्या गॅरेजमध्ये गाडी लावून तुम्ही जे पैसे भरता ते ही बिल्डिंग उभी करायलाच लागलेत. मला हे कळल्यापासून पार्किंगचे पैसे देताना कधी जड वाटलं नाही.

तिकीट कसं आणि कुठलं

सीझन ऑक्टोबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत चालतो आणि साधारण ४१ मॅचेस घरच्या कोर्टवर होतात. त्यामुळे घाई करू नका. पहिलीच मॅच लॉस एंजेलिसच्या लेकर्सची किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरियर्सची घेऊ नका, त्या सगळ्यात महाग असतात, आणि वॉरियर्सच्या मॅचला तर बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासून, इतके लोक येतात की अर्धं अरेना निळं दिसतं. मंगळवार-बुधवारची, मधल्या फळीतल्या टीमची मॅच घ्या, तेच कोर्ट, तेच खेळाडू, तिकीट मात्र कितीतरी स्वस्त.

सीट वरच्या लेव्हलची घ्या. हे मी नुसतं पैसे वाचवायला सांगत नाहीये, मला खरंच असं वाटतं की पहिल्यांदा बास्केटबॉल वरूनच बघावा. खाली बसलं की खेळाडू केवढे उंच, केवढे वेगवान ते कळतं, पण दहा जण एकमेकांत मिसळून पळत असतात आणि नेमकं काय चाललंय ते समजत नाही. वरून पाच जणांची रचना दिसते, कोण कोणाला अडवून उभा राहिलाय, कोण कोपऱ्यात एकटा मोकळा सुटलाय, आपल्याला पास जायच्या आधी दिसतं आणि तोंडातून आपोआप निघतं, अरे त्याला दे त्याला! सीट निवडताना कोर्टच्या लांब बाजूची, मधली बघा. बास्केटच्या मागची स्वस्त मिळते पण लांबचं टोक नीट दिसत नाही.

दर बघताना फी धरून शेवटी किती होतात ते आधी बघा. मी पहिल्या वर्षी एका रिसेल साइटवर, म्हणजे लोक आपली तिकिटं पुन्हा विकतात तिथे, चार तिकिटं घेतली, दाखवलेला आकडा वेगळा आणि पैसे भरायच्या पानावर आलेला वेगळा, आणि मुलं मागे उभी म्हणून तसंच भरून टाकलं. आता मी कायम सगळं धरून येणारा आकडाच बघते आणि दोन ठिकाणचे दर शेजारी ठेवून बघते. मॅचच्या दिवशी दुपारी रिसेलचे दर बऱ्याचदा खाली येतात, एक-दोघंच जाणार असाल तर थांबून बघायला हरकत नाही, पण पाच-सहा जणांना शेजारी शेजारी सीट हव्या असतील तर आधीच काढा.

तिकीट फोनवरच असतं. घरून निघायच्या आधी ते फोनच्या वॉलेटमध्ये सेव्ह करून ठेवा आणि फोन पूर्ण चार्ज करा. आमच्याबरोबर एकदा एक कुटुंब होतं, सगळ्यांची तिकिटं एकाच फोनमध्ये आणि तो फोन रस्ताभर मुलीच्या हातात कार्टून बघायला, दारापर्यंत येईतो बॅटरी संपली. अर्धा तास चार्जिंग शोधण्यात गेला आणि पहिला क्वार्टर, म्हणजे मॅचचा पाव भाग, बाहेरच संपला. तिकिटं दोन फोनमध्ये वाटून ठेवा, ट्रान्सफर करता येतात.

पोचायचं कसं

फोल्समवाल्यांनी सरळ लाइट रेल घ्यावी. गोल्ड लाइन फोल्समहून थेट डाउनटाउनला जाते, के स्ट्रीटजवळ उतरलात की अरेना चालत काही मिनिटांवर. एल्क ग्रोव्हकडून ब्लू लाइन. फक्त परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते निघतानाच बघून ठेवा आणि परत येताना गाडीवर फोल्समचा बोर्ड आहे ना ते बघूनच चढा.

बे एरियातून येणाऱ्यांसाठी कॅपिटल कॉरिडॉर ट्रेन आहे, सॅन होजे, फ्रीमाँट, ओकलंड, डेव्हिस करत सॅक्रामेंटो व्हॅली स्टेशनला येते, तिथून अरेना दहा-बारा मिनिटं चालत. पण ही दुपारच्या मॅचला. संध्याकाळी ७ ची मॅच संपायला साडेनऊ होतात, तोवर परतीची ट्रेन मिळेल या भरवशावर येऊ नका, टाइमटेबल आधी बघा. गाडीने येणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत रात्री इथल्या सपाट खोऱ्यात टुली फॉग नावाचं दाट धुकं उतरतं, आपल्या घाटातल्या धुक्यासारखं नाही, सपाट रस्त्यावर अचानक पुढची गाडीच दिसेनाशी होते. त्या दिवसांत फॉगचा इशारा असला तर रात्री हायवेवर दोन तास ड्राइव्ह करण्यापेक्षा कोणाकडे तरी मुक्काम करा.

पार्किंग आधी बुक करा. शहराची गॅरेजेस आजूबाजूलाच आहेत आणि शहराच्या पार्किंग ॲपवरून जागा राखता येते. अगदी दाराशी असलेलं गॅरेज घेऊ नका, मॅच सुटली की हजारो गाड्या एकदम निघतात आणि तिथे रॅम्पवरच पाऊण तास जातो. पाच-सहा ब्लॉक लांब लावा, चालत जा, सुटल्यावर पाच मिनिटांत बाहेर.

तासभर आधी पोचा

हे मी सगळ्यांना दोनदा सांगते. मॅच ७ ची तर ६ ला दारात. बॅग शक्यतो नेऊच नका, नेलीत तर अगदी छोटी, पर्सएवढी. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, तान्ह्या बाळाचं दूध वगैरे असेल तर दारावरच्या माणसाला आधीच दाखवा. जॅकेट मात्र हवं, आतसाठी नाही, बाहेरसाठी, रात्री दहाला पार्किंगपर्यंत चालताना चांगलंच गार लागतं.

एकमेकांना भेटायची खूण म्हणजे बाहेरचं ते मोठं चकाकणारं रंगीत शिल्प. जेफ कून्सचं आहे, 'कलरिंग बुक ४', साधारण १८ फूट उंच, आरशासारखं स्टील आणि त्यावर रंगांचे फराटे. पिगलेट नावाच्या डुकराच्या पिल्लाच्या चित्रावरून केलंय म्हणून सगळे त्याला पिगलेटच म्हणतात. बसवलं तेव्हा शहरात बराच वाद झाला, ८० लाख डॉलर एका बाहेरच्या कलाकाराला का, गावातले कलाकार नव्हते का, आणि मला तो वाद रास्तच वाटतो. पण जवळ जाऊन उभं राहिलं की आपलं तोंड, मागचं आभाळ आणि जांभळे शर्ट घातलेली सगळी गर्दी त्या रंगांमधून वाकडीतिकडी दिसते, मुलं तिथून हलत नाहीत.

मुख्य दरवाजाकडे नीट बघा. विमानाच्या हँगरला असतात तशी अवाढव्य काचेची दारं आहेत, हवा चांगली असली की ती वर उचलून उघडतात आणि अख्खी बाजू मोकळी होते. सॅक्रामेंटोत संध्याकाळी डेल्टा ब्रीझ येते, नदीच्या त्रिभुज भागाकडून येणारा गार वारा, जुलैच्या ४० डिग्रीच्या दिवसानंतरही अंगणात बसता येतं ते याच्यामुळे, आणि ही बिल्डिंग त्या वाऱ्याचा उपयोग करून घ्यायलाच बांधलीय. आत सीटवर बसलात की खाली पायाशी हात नेऊन बघा, सीटखालच्या झरोक्यांतून थंड हवा येत असते. वरून अख्खा हॉल थंड करण्याऐवजी माणूस बसतो तेवढीच जागा थंड करायची. वीज सगळी सौर, काही छतावरच्या पॅनलची आणि बाकीची रँचो सेकोची, जिथे पूर्वी अणुवीज केंद्र होतं. माझे बाबा सांगलीहून आले होते, आयुष्यभर वीज मंडळात नोकरी केलेली, त्यांना मॅचपेक्षा आधी हे बघायचं होतं. पहिली दहा मिनिटं ते वाकून सीटखालीच बघत होते, शेजारच्या काकांना वाटलं काही पडलंय, तेही मोबाइलचा टॉर्च लावून शोधायला लागले.

खाणं

इथलं खाणं बहुतेक १५० मैलांच्या आतल्या शेतांतून आणि छोट्या उत्पादकांकडून आणायचं असं धोरण आहे, त्यामुळे चव नेहमीच्या स्टेडियमपेक्षा खरंच बरी. शाकाहारी असाल तर पिझ्झा, फ्राइज, प्रेट्झेल, पॉपकॉर्न सगळं मिळतं. बरिटो किंवा नाचोज घेताना बीन्समध्ये लार्ड आहे का ते विचारा, लार्ड म्हणजे डुकराची चरबी, आणि नाचोजवर मटण-चिकन न घालता द्या असं स्पष्ट सांगा. चतुर्थी-एकादशी असेल तर घरून जेवूनच निघा. नाहीतरी चार जणांचं पोटभर खाणं आत तिकिटाएवढं पडतं, मी घरून साडेपाचला पोहे-उपमा करून सगळ्यांना खाऊ घालते आणि आत फक्त एक मोठा पॉपकॉर्न. कार्ड किंवा फोनने पैसे द्यायची तयारी ठेवा. बिअर घेणारे असाल तर वयाचा पुरावा लागतो, केस पांढरे असले तरी मागतात, कॅलिफोर्नियाचा लायसन्स अजून आला नसेल तर ओरिजिनल पासपोर्ट न्या.

हाफटाइमला, म्हणजे मधल्या सुट्टीत, उठू नका. सगळे तेव्हाच उठतात. दुसऱ्या क्वार्टरच्या मधे एखादा लांब टाइमआउट झाला की पटकन जाऊन या.

खेळ समजून घ्यायला एवढं पुरे

१२-१२ मिनिटांचे चार क्वार्टर, दोन झाल्यावर १५ मिनिटांची सुट्टी. घड्याळ सारखं थांबतं म्हणून ४८ मिनिटांचा खेळ सव्वादोन-अडीच तास चालतो. बरोबरी झाली तर ५ मिनिटं जादा. लांबच्या कमानीबाहेरून टाकला तर ३ गुण, आतून २, फाउलनंतर मोकळा टाकला तर १.

पण नवीन माणसाने गुण बघू नयेत, बास्केटच्या वर लाल आकड्यांचं छोटं घड्याळ असतं ते बघावं. २४ पासून उलटं मोजतं. तेवढ्या वेळात टीमने बॉल टाकून रिंगला लावलाच पाहिजे. कबड्डी बघणाऱ्यांना हे लगेच कळतं, रेडरला जशी ३० सेकंदं तसंच, वेळ संपत आली की चढाईची घाई होते. ते घड्याळ ५ वर आलं की खेळाडूंची हालचाल बदलते, तेव्हा श्वास धरून बघा.

दुसरं, फाउल मोजा. एका क्वार्टरमध्ये टीमचे चार झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन मोकळे थ्रो मिळतात. एका खेळाडूचे सहा झाले की तो बाहेर. चांगल्या खेळाडूचे पहिल्या हाफमध्येच तीन झाले तर कोच त्याला बसवतो, आणि मग इतका चांगला माणूस बेंचवर का बसलाय हे कोडं सुटतं. हे सगळं डोक्यावरच्या ८४ फुटी स्क्रीनवर दिसतं.

राष्ट्रगीताला उभं राहायचं, टोपी काढायची. आपली टीम बचाव करत असताना सगळे डी-फेन्स डी-फेन्स ओरडतात, तुम्हीही ओरडा, लाजू नका. समोरचा खेळाडू मोकळा थ्रो टाकताना बास्केटच्या मागचे लोक हात हलवून गोंगाट करतात, तो असभ्यपणा समजत नाहीत. आपला टाकत असेल तेव्हा शांत. खेळ चालू असताना पायऱ्यांवरून सीटकडे जाऊ नका, वरच्या कोपऱ्यात थांबा, खेळ थांबला की जा.

आवाज प्रचंड असतो हे लहान मुलं असलेल्यांनी मनावर घ्या. याच टीमच्या प्रेक्षकांनी जुन्या अरेनात नोव्हेंबर २०१३ मध्ये १२६ डेसिबलचा गिनेस रेकॉर्ड केला होता. तीन वर्षांच्या पोराला नेणार असाल तर कानावर लावायचे हेडफोन घ्या, साधे मिळतात. माझ्या धाकट्याने पहिल्यांदा दहा मिनिटांत रडायला सुरुवात केली, हेडफोन लावल्यावर मांडीवर बसून शेवटपर्यंत बघितलं. आई-बाबांसाठी वरच्या लेव्हलच्या पायऱ्या चढउताराला उभ्या आहेत, कठडा धरून जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच ॲक्सेसिबल सीट निवडा, लिफ्टने जाता येतं. आणि रांग संपतानाची बाजूची सीट त्यांना द्या, उठायला बरं पडतं.

आपल्याकडचा दुवाही त्यांना सांगा, त्यांना आवडतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये हीच किंग्ज टीम मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये खेळून गेलीय, इंडियाना पेसर्सबरोबर दोन मॅचेस, भारतातल्या पहिल्या एनबीए मॅचेस. पहिल्या दिवशी प्रेक्षक म्हणून हजारो शाळेतली मुलं होती, आणि ती मॅच जादा वेळेत जाऊन पेसर्सनी १३२-१३१ अशी एका गुणाने जिंकली. माझी भाची त्या मुलांमध्ये होती. इथे आली तेव्हा पहिल्या दिवशीच म्हणाली, मावशी मला त्यांच्या घरी ने.

मॅच सुटल्यावर

किंग्ज हरत असतील तर शेवटची दोन मिनिटं सोडून निघालात तरी चालेल, गर्दी टळते. जिंकत असतील तर अजिबात उठू नका. २०२२-२३ च्या सीझनपासून इथे एक पद्धत पडलीय, टीम जिंकली की छतावरून जांभळा लेझरचा झोत सरळ आभाळात सोडतात. त्याच सीझनमध्ये टीम १६ वर्षांनी प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत गेली, अख्खं शहर त्या झोताने वेडं झालं होतं. घरच्या मॅचनंतर कोर्टवर एक मोठं जांभळं बटण आणतात, त्या दिवशी चांगला खेळलेला खेळाडू ते दाबतो आणि त्याआधी सगळे एका सुरात लाइट द बीम म्हणतात. बाहेरगावी जिंकले तरी झोत लागतो, त्यामुळे डाउनटाउनजवळ राहणाऱ्यांना निकाल खिडकीतूनच कळतो.

बटण दाबलं की लगेच पार्किंगकडे पळू नका, बाहेरच्या चौकात या आणि अरेनाकडे तोंड करून वर बघा. धुकं असलं तर झोत जाड दिसतो, स्वच्छ रात्री अगदी रेघेसारखा. आणि निघायच्या आधी, अजून आत असतानाच, छताला टांगलेल्या रिटायर केलेल्या, म्हणजे आता कुठल्याच खेळाडूला न देण्याच्या, नंबरांच्या बॅनरमध्ये ६ नंबर शोधा. तो एका खेळाडूचा नाही, प्रेक्षकांचा आहे, कोर्टवरच्या पाच जणांनंतरचा सहावा माणूस म्हणून. बाबांनी त्या बॅनरखाली उभं राहून मला त्यांचा फोटो काढायला लावला, फोकस लागेना म्हणून तीनदा, आणि मग मला म्हणाले आता तू इकडे ये, मी काढतो.